दिवाडी, चोडण, जुवे : भरती-ओहोटीच्या काठावरचे सण

यवतमाळच्या माणसाला समुद्र भेटतो तो सुट्टीत. आपला जिल्हा पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांपासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे. मुकुटबन-वणी पट्ट्यातला चुनखडक प्राणिसृष्टी अवतरण्याच्याही आधी समुद्रतळाशी साचला, एवढाच काय तो आपला समुद्राशी जुना संबंध. आपल्या नद्या वर्धा आणि पैनगंगा. वणी तालुक्याच्या टोकाला त्या एकमेकींना भेटतात, पुढे प्राणहितेतून गोदावरीत जातात आणि बंगालच्या उपसागराला मिळतात. पूर आला तरी, पात्र आटले तरी त्यांची दिशा बदलत नाही. नदी एकाच बाजूला वाहते, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरलेली असते की ती वेगळी सांगावी लागत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जाणारी आपल्याकडची कुटुंबे कळंगुट, बागा, कोलवा पाहून परततात. पणजीत मांडवीच्या काठी उभे राहिले, तर एक गोष्ट सहज दिसू शकते. सकाळी समुद्राकडे निघालेले पाणी दुपारी उलटे, डोंगराच्या दिशेने चढत असते. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. या उलट्या-सुलट्या वाहणाऱ्या पाण्यात गोव्याची खरी बेटे आहेत, आणि ती बहुतेक पर्यटकांच्या यादीत नसतात. दिवाडी, चोडण, जुवे, कुंभारजुवे ही त्यांची नावे. तिथले सण पाहिले की लक्षात येते की बेटावरचा उत्सव हा केवळ आनंदाचा प्रसंग नसतो. शेत कुठवर आणि पाणी कुठवर, आपला वाडा कुठवर आणि शेजाऱ्याचा कुठवर, आपला देव नदीच्या या काठावर की त्या, हे सारे हिशेब त्या सणांत नोंदलेले असतात. ते वाचायचे तर आधी बेट कसे झाले ते समजून घ्यावे लागते.

बुडालेल्या दऱ्यांतली बेटे

आपल्या कल्पनेतले बेट म्हणजे खोल समुद्रातला एकाकी खडक. गोव्याला लागून तशी काही लहान बेटे आहेतही. पण ज्यांवर पिढ्यान्‌पिढ्या गावे नांदली, ती नदीमुखातली बेटे आहेत. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटचे हिमयुग ऐन भरात असताना, जगभरच्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बर्फ वितळत गेले, पाणी चढत गेले आणि किनाऱ्याजवळच्या नदीदऱ्यांत समुद्र शिरला. मांडवी आणि जुवारी यांची आजची रुंद मुखे म्हणजे अशा बुडालेल्या दऱ्या आहेत. त्या दऱ्यांतल्या टेकड्यांचे माथे पाण्याबाहेर राहिले. त्यांच्या पायथ्याशी नदीने आणलेला आणि भरतीने ढकललेला गाळ साचत गेला. वर जांभ्या दगडाची टेकडी आणि भोवती सपाट, चिखलट, खारट जमीन, अशी या बेटांची ठेवण त्यातून झाली.

खुद्द पणजी एका बेटावर आहे, हे पणजीत चार दिवस राहिलेल्यांनाही ठाऊक नसते. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी आणि पूर्वेला या दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. या तिन्हींनी वेढलेला प्रदेश म्हणजे तिसवाडी. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तो घेतला आणि त्याला नाव दिले ‘इल्हास’, म्हणजे नुसतेच ‘बेटे’. त्यांच्या सत्तेचा पहिला गाभा हाच होता.

कोकणीत बेटाला ‘जुवे’ असा शब्द आहे. कुंभारजुवे म्हणजे कुंभारांचे बेट. पोर्तुगीजांनी ज्याला सांत इस्तेव्ह म्हटले, त्या बेटाला लोक अजून ‘जुवे’च म्हणतात. भेंडीसाठी आणि भाजीपाल्यासाठी ते प्रसिद्ध, म्हणून ‘शाकेचे जुवे’ असेही. मुंबईचे जुहू हेही एके काळी साष्टीपासून वेगळे असलेले वाळूचे चिंचोळे बेट. पोर्तुगीज त्याला ‘जुवें’ म्हणत, तेव्हा ते नाव याच शब्दकुळातले असावे. दिवाडीचे नाव परंपरा ‘दीपवती’शी जोडते आणि चोडणचे ‘चूडामणी’शी. या व्युत्पत्ती कितपत टिकतील ते भाषाशास्त्रज्ञ सांगतील. पण आपल्या चिखलट बेटाला दिव्यांची आणि मुकुटमण्याची नावे देणाऱ्या लोकांचे त्या भूमीवर प्रेम होते, एवढे त्यातून निश्चित कळते.

पाणी थोपवून पिकवलेला भात

या बेटांवर राहणाऱ्यांपुढचा प्रश्न सोपा नव्हता. टेकडीवर जांभा, तिथे भात पिकत नाही. खाली गाळाची सुपीक जमीन, पण भरतीच्या वेळी ती खाऱ्या पाण्याखाली जाते. त्यावर गावकऱ्यांनी जे उत्तर शोधले, त्याला ‘खाजन’ म्हणतात. नदीच्या कडेने चिखल, गवत आणि जांभा दगड यांचा बांध घालायचा. बांधाच्या बाहेरच्या अंगाला खारफुटी राखायची, म्हणजे लाटांचा मार तिच्यावर जातो. बांधात ठरावीक जागी ‘मानस’ बसवायची. मानस म्हणजे लाकडी झडपांची मोरी. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडपा आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी त्या उघडून बाहेर पडते. ना माणूस लागतो, ना यंत्र. जी भरती शेत बुडवणार, तिच्याच जोरावर दार बंद करून घ्यायचे, अशी ही युक्ती आहे.

गोव्यात अशी खाजन जमीन सुमारे १८ हजार हेक्टर सांगितली जाते. तिचा बराचसा भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. पावसाळ्यात जमिनीतला खार धुऊन निघाला की त्यात खार सोसणारा ‘कोरगूट’सारखा भात पेरतात. कापणीनंतर काही ठिकाणी खारे पाणी आत घेतात आणि मासे, कोळंबी धरतात. एकाच जमिनीतून भात आणि मासळी.

मात्र एक अट आहे. बांध एकट्याचा असू शकत नाही. आपल्याकडे शेजाऱ्याने धुरा राखला नाही तर हातभर जमिनीचे भांडण होते. खाजनात एकाने बांध राखला नाही तर सगळ्या गावाचे शेत खारे होते. म्हणून गोव्यातली गावकरी संस्था, जिला पुढे कोमुनिदाद म्हटले गेले, ती आधीपासूनच जमीन सामायिक ठेवणारी, बांधाचा खर्च वाटून घेणारी होती. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये तिसवाडीतल्या गावांचे रीतिरिवाज एका सनदेत लिहून काढले, तेव्हा ही व्यवस्था जुनीच होती. बेटावर राहणे म्हणजे एकटे राहणे नव्हे, उलट एकमेकांवाचून राहता न येणे होय. तिथले सण याच मुळावर उभे आहेत.

कणीस आणि झेंडा

भात निसवला की पहिले कणीस देवापुढे ठेवायचे, ही रीत धर्म बदलूनही राहिली. ख्रिस्ती गावांत ऑगस्टमध्ये ‘कणसांचे फेस्त’ होते. पाद्री शेतात जातो, कणसे कापून आशीर्वादित करतो आणि मग ती घरोघरी वाटली जातात. तिसवाडीतल्या ताळगावचे हे फेस्त २१ ऑगस्टला होते. हिंदू घरांत गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, पंचमीला, नवी कणसे आणून पुजतात. ती चर्चमधून येतात की देवळातून, एवढाच फरक. खाजन दोघांचे एकच.

याच सुमारास, ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी, दिवाडीवर ‘बोंडेरम’ होतो. पोर्तुगीज भाषेत ‘बांदेइरा’ म्हणजे झेंडा. त्यावरून हे नाव आले. सांगतात ते असे : बेटावरच्या वाड्यांमध्ये जमिनीच्या हद्दीवरून मारामाऱ्या होत. त्या थांबवायला पोर्तुगीज अंमलदारांनी हद्दींवर वेगवेगळ्या देशांचे झेंडे रोवले. लोकांना ते पटले नाही. त्यांनी दगड-काठ्यांनी झेंडे पाडायला सुरुवात केली. पुढे त्या पाडापाडीचाच सण झाला. आज प्रत्येक वाड्याचा रंगीत झेंडा वाजतगाजत मिरवला जातो आणि लुटुपुटीची लढाई होते. हत्यार म्हणजे ‘फोटाश’. बांबूच्या पोकळ नळीत तिरफळासारखी छोटी हिरवी फळे घालून दट्ट्याने उडवायची.

हे वाचताना यवतमाळच्या वाचकाला पोळा आठवेल. जवळपास त्याच दिवसांत आपल्याकडेही गावाच्या आखरावर तोरण बांधले जाते. त्याखाली बैलजोड्या उभ्या राहतात, त्या मानाच्या क्रमाने. तो मान कुणाचा, यावरून अनेक गावांत पिढ्यांचे रुसवे-फुगवे. आणि मग झडत्या म्हटल्या जातात. वर्षभराचा राग, टोमणा, सावकाराची आणि सरकारची खोड त्यांतून काढून झाली की तोरण तुटते आणि जोड्या घरोघरी जातात. आधी रेघ आखायची, तिच्यावरून भांडायचे आणि मग सगळ्यांदेखत ती खेळाखेळात मोडायची. दिवाडीचा झेंडा आणि आपले तोरण यांचे काम एकच आहे. ज्यांना उद्या पुन्हा एकाच बांधावर किंवा एकाच शिवारात राबायचे आहे, त्यांना भांडण संपवण्याची काहीतरी रीत लागतेच.

नदी ओलांडलेले देव

दिवाडीची दुसरी आठवण मात्र खेळाने मिटणारी नव्हती. गोव्याच्या कदंब राजांचे आराध्यदैवत सप्तकोटेश्वर. आपल्या नाण्यांवर आणि लेखांत त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख ते अभिमानाने करीत. त्याचे देऊळ दिवाडीवर, नार्वे येथे होते. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत ते पडले. विजयनगरच्या काळात माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले. लिंग नदीपलीकडे डिचोली महालात नेले गेले, आणि तिथल्या वस्तीनेही नार्वे हेच नाव घेतले. आज नदीच्या दोन्ही काठांवर नार्वे आहे. एक, जिथून देव गेला. दुसरे, जिथे तो गेला.

या दुसऱ्या नार्व्यातल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा शिवाजी महाराजांनी दिली. तिथल्या शिलालेखात शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार अशी तिथी आहे. म्हणजे नोव्हेंबर १६६८. दिवाळी होऊन तीनएक आठवडे झाले होते. समोर, नजरेच्या टप्प्यात, दिवाडी पोर्तुगीजांकडे होती. सत्ता पलीकडची, देव अलीकडचा आणि मध्ये भरती-ओहोटीचे पाणी. गोवा सरकारने या देवळाची अलीकडे पुन्हा दुरुस्ती केली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते भाविकांसाठी खुले झाले.

पण भाविक जुनी जागा विसरले नाहीत. गोकुळाष्टमीला आजही दिवाडीच्या काठावर, ‘पोरणे तीर्थ’ म्हणजे जुने तीर्थ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी, लोक मांडवीत स्नानाला जमतात. देऊळ नाही, मूर्ती नाही; आहे ते फक्त पाणी आणि तिथी. देव हलवता येतो, तीर्थ हलवता येत नाही, असा लोकांनी त्याचा अर्थ लावला असावा.

चोडणचेही तसेच. तिथला देवकीकृष्ण बेट सोडून आधी मये आणि मग माशेल येथे आला. आषाढ शुद्ध द्वादशीला माशेलच्या देवळासमोर ‘चिखलकाला’ होतो. अंगाला तेल लावून लहानथोर पावसाच्या चिखलात लोळतात, कृष्णाच्या बाललीला खेळतात. आता पर्यटन खात्याच्या जाहिरातींत त्याची छायाचित्रे असतात. ज्या देवाचे मूळ गाव गाळाच्या बेटावर होते, त्याचा उत्सव चिखलात व्हावा, यात मला योगायोगापेक्षा अधिक काही दिसते. पण ते माझे वाचन आहे, पुरावा नव्हे. दिवाडीचा गणपतीही असाच स्थलांतर करीत खांडोळ्याला स्थिरावला. फोंडा-माशेल परिसरातली गर्द झाडीतली जी देवळे पाहून आपण ‘किती शांत!’ म्हणतो, त्यांतली कित्येक विस्थापितांची देवळे आहेत.

मराठी वाचकाला जुवे बेट ठाऊक असते ते संभाजी महाराजांमुळे. नोव्हेंबर १६८३ मध्ये मराठ्यांनी रात्रीत या बेटावरचा किल्ला घेतला. राजधानी जेमतेम नदीपलीकडे. व्हाइसरॉय कोंदे दि आल्व्होर स्वतः सैन्य घेऊन आला आणि मार खाऊन परतला. त्यानंतर त्याने संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपुढे जाऊन शहर वाचवण्यासाठी गाऱ्हाणे घातले. महाराजांचा घोडा भरतीच्या पाण्यात ओढला जात असता खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवले, ही परंपरेतली कथा याच मोहिमेतली. इतिहासाच्या पुस्तकात आपण ती शौर्यकथा म्हणून वाचतो. बेटावरच्या माणसाला तिच्यातला दुसरा अर्थ आधी कळेल : पाण्याची वेळ चुकली.

पाण्यावरचा मांडव

या बेटांतला सर्वांत देखणा सण कुंभारजुव्याचा ‘सांगोड’. दोन होड्या शेजारी शेजारी बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या, की पाण्यावर तरंगता मांडव होतो. त्याला सांगोड म्हणतात. गणपतीच्या सातव्या दिवशी, विसर्जनाच्या वेळी, कुंभारजुव्याच्या कालव्यात असे सजवलेले सांगोड निघतात. त्यांवर पौराणिक आणि आजचे देखावे असतात. दोन्ही काठांवर माणसे उभी राहतात. शिवोलीला २४ जूनच्या ‘सांजांव’ला, म्हणजे संत जॉनच्या सणाला, ख्रिस्ती लोकही अशाच सजवलेल्या होड्या घेऊन नदीतून येतात. जिथे रस्ता म्हणजे पाणी, तिथे मिरवणूक पाण्यातून निघणार. मग देव कोणताही असो.

कुंभारजुव्याचा हा कालवा तोच, जो तिसवाडीला बेट करतो. एरवी तो हद्द असतो, त्या एका दिवशी तो रंगमंच होतो.

दिवाळीच्या पोह्यांपर्यंत

आता पुन्हा दिवाळीकडे. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात जागोजागी नरकासुराचे प्रचंड पुतळे उभे असतात आणि पहाटे ते जाळले जातात. पर्यटकांना तेवढे दिसते. पण घरात त्या पहाटे अभ्यंग झाले की तुळशीजवळ कारीट पायाखाली फोडतात आणि मग पोह्यांची ताटे मांडली जातात. दुधातले, ताकातले, गुळातले, नारळाच्या रसातले, फोडणीचे. शेजारीपाजारी, नातेवाईक एकमेकांकडे पोहे खायला जातात. आपल्याकडे पोहे रोजच्या नाश्त्याचे, वर तर्री असली की झाले. त्यामुळे सणाच्या पहाटे पोहेच का, हा प्रश्न विदर्भातल्या पाहुण्याला पडतो. उत्तर शेतात आहे. नवा भात नुकताच घरात आलेला असतो, आणि त्याचे पहिले पक्वान्न म्हणजे पोहे. खाजनाच्या गावात दिवाळी म्हणजे या वर्षीही बांध टिकला, याची पावती होती.

‘होती’ असे म्हणावे लागते, कारण तिथेच आज खरा पेच आहे. १९६४ च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला जमिनीवर हक्क दिला. ते न्याय्यच होते. पण बांधाची सामुदायिक जबाबदारी कोमुनिदादींकडून सुटून कुळांच्या संघांकडे गेली आणि अनेक ठिकाणी ती कोणाचीच उरली नाही. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. ज्याने लिलाव घेतला, त्याला मासळीसाठी दार उघडे हवे असते, आणि शेतकऱ्याला मिटलेले. खनिजाच्या बार्जेसच्या लाटांनी मांडवीकाठचे आणि कुंभारजुव्याच्या कालव्यातले बांध खचले. एकदा बांध फुटला की खारे पाणी आत येते, शेत पडीक होते, काही वर्षांत तिथे खारफुटी उगवते. खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने ती काढून पुन्हा भात लावणेही सोपे राहत नाही. चोडणच्या टोकाची खारफुटी १९८८ पासून डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचे ते रान जपायलाच हवे. पण बांधाबाहेर राखलेली खारफुटी वेगळी आणि फुटलेल्या बांधातून शेतात शिरलेली वेगळी, हा भेद दूरच्या पाहुण्याला हिरव्या रंगात दिसत नाही.

सण मात्र चालूच राहतात, किंबहुना मोठे होतात. झेंड्यांची मिरवणूक लांब होते, चिखलात कॅमेरे येतात. पोहे बाजारातून आणता येतात, कणीस शेजारच्या गावातून. शेत गेले तरी शेताचा सण काही काळ टिकतो. आपल्याकडे तेच पोळ्याचे झाले आहे. ट्रॅक्टर आल्यावर बैलजोड्या घटल्या, मातीचे आणि लाकडी बैल बाजारात वाढले. म्हणून हे दुरून बोट दाखवण्यासाठी लिहिलेले नाही.

दिवाडीला अजूनही फेरीबोटीनेच जावे लागते. जुन्या गोव्यातली चर्चे पाहून झाल्यावर पाच मिनिटांत बोटीने पलीकडे उतरता येते. या सुट्टीत गेलात तर तेवढे करा. टेकडीवरच्या चर्चच्या अंगणात उभे राहिले की खाली खाजन, बांध, नदी आणि पलीकडचा काठ एका नजरेत दिसतो. थोडा वेळ थांबलात तर पाणी दिशा बदलतानाही दिसेल. वर्धा-पैनगंगेच्या माणसाने एकदा तरी पाहावे असे ते दृश्य आहे. पण त्याआधी बांध पाहा. त्याच्या आत भात उभा आहे की खारफुटी, यावरून पुढच्या दिवाळीचे पोहे कुठून येणार ते कळते.